फायटर मासा बरा होतो अन् परत आजारी पडतो? आधी त्याच्या भांड्यात पाणी किती ते मोजा

तक्रार जवळपास एकाच चालीची असते. फायटर आणला, काही दिवस झकास फिरला, मग शेपटीच्या कडा झिजायला लागल्या, रंग उतरला, खायला वर येईना, तळाशी पडून राहू लागला. दुकानदारानं निळं औषध दिलं, चार दिवसांत जरा तरतरी आली अन् दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग पिवळं औषध, मग मीठ, मग खाऊ बदलून बघितला, शेवटी मासा गेला, नवा आणला तर तोही त्याच वाटेनं. लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठूनही कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारतो, मासा ठेवलाय कशात? उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं, काचेची बरणी, गोल बाऊल, नाहीतर दुकानातून आणलेला तोच प्लॅस्टिकचा डबा. म्हणजे एक ते दोन लिटर पाणी. अशा भांड्यात तुम्ही कितीही चांगलं औषध टाका, दुखणं फिरून येणारच, कारण ते पाण्यातच तयार होऊ लागलंय.

आता लोकांचं म्हणणं असतं की दुकानात तर ते ओळीनं इवल्याशा डब्यात ठेवलेले असतात, मग घरी का चालत नाही. चालतं असं वाटतं त्याला कारण आहे. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा वेगळा अवयव असतो, त्यामुळं तो पाण्याच्या वर तोंड काढून सरळ हवा घेऊ शकतो. गोल्डफिश ज्या पाण्यात गुदमरून जाईल त्या पाण्यात फायटर दिवस काढतो. पण हवा वरून मिळाली म्हणून घाण कुठं जाते? ती त्याच पाण्यात राहते अन् तो त्याच पाण्यात राहतो. दुकानातला डबा म्हणजे एसटी स्टँडवरचं बाकडं आहे, गाडी येईपर्यंत टेकायला ठीक, संसार कुणी तिथं मांडत नाही. अन् दुकानात तो डबा काही दिवसांपुरताच असतो, मासा विकला की डबा रिकामा, त्यामुळं तिथं काय बिघडलं असतं ते कुणाला दिसतच नाही.

दुसरं एक ऐकायला मिळतं की हा मासा मूळचा डबक्यातला आहे. मूळचा तो थायलंडचा, तिकडं तर 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलंय. तिकडं तो भाताच्या खाचरांत, दलदलीत, संथ ओढ्यांत राहतो. खाचरातलं पाणी उथळ असतं हे खरं, पण ते पसरलेलं किती असतं ते बघा ना. घाण झाली तर ती सगळीकडं विरते, गवत-झाडं ती शोषून घेतात, मासा एका कोपऱ्यातून दुसरीकडं जातो. उन्हाळ्यात पाणी आटून काही मासे खरोखर छोट्या डबक्यांत अडकतात, पण ती त्यांची जगण्याची धडपड असते अन् त्यातले बरेच मरतात. ते बघून कुणी म्हणावं की याला एवढंच पाणी लागतं, हे मला अजिबात पटत नाही.

मग किती लागतं? माझं सरळ मत सांगतो. 10 लिटरच्या खाली कुणी विचारलं तर मी नाहीच म्हणतो. 10 ते 15 मध्ये होतं, पण तुम्हाला रोज डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. 20 लिटर किंवा जास्त असलं की मासाही सुखी आणि तुम्हीही. बाहेरच्या देशांतले पाळणारे 5 गॅलन म्हणतात ते म्हणजे साधारण 19 लिटरच, आकडा तोच. 20 लिटर म्हणजे किती ते डोळ्यासमोर येत नसेल तर लग्नकार्यात पाण्याचा जो जार येतो ना, तो 20 लिटरचा असतो, तेवढं पाणी. टँक मोजायचा असेल तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, तिन्हींचा गुणाकार करून हजारनं भागा, लिटर निघतात. 40 गुणिले 25 गुणिले 20 केलं की बरोबर 20 लिटर. उंची काचेची घेऊ नका, पाणी जिथपर्यंत भरणार तिथपर्यंतचीच घ्या, अन् तळाला दगड-वाळू जाड टाकणार असाल तर तेवढं पाणी कमी धरा. दुकानात दीड फुटी म्हणतात तो 18 इंच बाय 10 बाय 12 चा मिळाला तर काठोकाठ 35 लिटरचा होतो, थोडा रिकामा ठेवूनही मस्त.

आकारही बघा. उंच नळकांड्यासारखा शोभेचा टँक घेऊ नका, त्यात लिटर भरतात पण फायटरला दर थोड्या वेळानं हवेसाठी वर यावं लागतं, त्यात नराची शेपूट एवढी मोठी अन् जड की उंच टँकमध्ये वर-खाली करूनच तो थकतो. लांब अन् बुटका टँक चांगला. वर पाणी अन् झाकण यांच्यात दोन-तीन बोटं हवा राहू द्या, आणि झाकण किंवा जाळी मात्र ठेवाच, फायटर उडी मारतो, सकाळी फरशीवर सुकलेला सापडतो.

आता मूळ भानगड, अमोनिया. मासा जे खातो त्यातून तयार होणारा अमोनिया तो मुख्यतः कल्ल्यांतून पाण्यात सोडतो, शिवाय विष्ठा अन् उरलेला खाऊ कुजून अजून तयार होतो. 2 लिटरात असो की 20 लिटरात, एक मासा अमोनिया तेवढाच टाकतो, पण 20 लिटरात तो दहापट पातळ होतो. बरणीत एक-दोन दिवसांत तो कल्ले अन् पंख जाळण्याइतका साठतो. पंखांची कड जळाली की तिथं पाण्यातले नेहमीचे जिवाणू शिरतात, त्यालाच आपण फिन रॉट म्हणतो. औषधानं जिवाणू दबतात म्हणून मासा सावरल्यासारखा वाटतो, पण अमोनिया चालूच असतो, म्हणून औषध संपलं की परत कड झिजते. त्यात निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, ते अमोनिया पचवणाऱ्या चांगल्या जिवाणूंनाही मारतं. म्हणजे फिल्टरवाल्या टँकमध्ये ते सरळ ओतलं तर पाणी अजूनच बिघडतं. हे चक्र लोकांच्या लक्षात येत नाही अन् बिचारा मासा प्रत्येक फेरीत आधीपेक्षा अशक्त होतो.

अन् मराठवाड्यात यात अजून एक भर आहे. आपलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, जड असतं, त्याचा पीएच, म्हणजे पाणी आंबट बाजूचं की खारट बाजूचं ते सांगणारा आकडा (7 म्हणजे मधोमध), बऱ्याच ठिकाणी 8 च्या आसपास भरतो. जड पाण्याचं फायटरला एवढं वावडं नाही, सवय झाली की तो राहतो. पण पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग वाढतो, 7 वरून 8 ला गेलं की तो जवळपास दहापट होतो. पाणी तापलं की अजून वाढतो. म्हणजे एप्रिल-मे, बोअरचं पाणी अन् दोन लिटरची बरणी, हे तिन्ही एकत्र आलं की माशाला वाचायला जागाच नाही. पुण्यातल्या कुणाचा मासा बाऊलमध्ये वर्ष काढतो म्हणून आपल्याकडंही काढेल असं धरून चालू नका.

इथं हमखास एक प्रश्न येतो अन् तो रास्त आहे. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, प्यायचं पाणी जपून वापरतो, अन् माशाला 20 लिटर कुठून आणू? ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथल्या माणसानं हे विचारलं तर त्याला उडवून लावायचं नसतं. पण हिशोब करून बघा. 2 लिटरच्या बरणीतलं पाणी निदान एक दिवसाआड पूर्ण बदलावं लागतं, म्हणजे आठवड्याला 7 लिटर. अन् ते करूनही मासा आजारीच. 20 लिटरचा टँक एकदा भरला, स्पंज फिल्टर लागला अन् त्यात चांगले जिवाणू बसले की आठवड्याला पाचवा नाहीतर चौथा हिस्सा बदलायचा, म्हणजे 4 ते 5 लिटर. मोठ्या टँकला पाणी कमी लागतं! एकदाचे 20 लिटर जास्त गेले, पुढं दर आठवड्याला बचतच. अन् काढलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात नायट्रेट असतं, म्हणजे जिवाणूंनी अमोनियापासून बनवलेलं झाडांचं खतच, कुंडीतल्या तुळशीला, कढीपत्त्याला घाला, झाडं अशी फोफावतात की बघत राहाल. फक्त मीठ किंवा औषध टाकलेलं पाणी झाडांना नको.

मासा आजारी पडण्याचं कारण जागा-पाणीच आहे की दुसरं काही, हे ओळखायचं कसं? सगळ्यात खात्रीचा मार्ग अमोनिया टेस्ट किट, थेंबांचं असतं ते. अमोनिया शून्य, नायट्राइट (अमोनियापासून बनणारं दुसरं विष) शून्य हवं, नायट्रेट 20 च्या आसपास असेल तर चिंता नाही, 40 च्या वर गेलं की पाणी बदला. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, अनेकांकडं असतो, आरओवाला देतो, पण त्यानं अमोनिया कळत नाही, तो आकडा बघून पाणी चांगलंय असं समजू नका. किट नसेल तर लक्षणं बघा. कड एकसारखी झिजतेय अन् काळपट किंवा लालसर दिसतेय तर ते बहुतेक पाण्याचंच. रातोरात शेपटीला गोल घास काढल्यासारखा तुकडा गायब असेल तर तो स्वतःच चावायलाय, छोट्या जागेत, सारखं काचेत स्वतःला बघून वैतागलेला फायटर हे करतो. उभी चीर पडली असेल तर आतलं प्लॅस्टिकचं झाड तपासा, पायमोज्यावर घासून बघा, मोजा अडकला तर ते झाड बाहेर काढा. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके किंवा बारीक सोनेरी धूळ बसल्यासारखं दिसलं तर तो परजीवींचा आजार, त्याला औषध लागतंच, त्यात वेळ घालवू नका. पोट फुगून खवले उभे राहिले असतील तर परिस्थिती गंभीर आहे.

आज मासा बरणीत पडून आहे अन् टँक यायला दोन दिवस आहेत, असं असेल तर मधल्या वेळात घरातली स्वच्छ प्लॅस्टिकची बादली किंवा टब घ्या, ज्याला कधी साबण-निरमा लागलेला नाही असाच घ्या. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढायची अँटिक्लोरीन थेंबं टाका, ती नसतील तर उघड्या बादलीत एक दिवस-रात्र ठेवलेलं पाणी वापरा. पाऊस सुरू झाल्यावर धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा ब्लीचिंगचा डोस वाढवतात, वासावरून कळतं, त्या दिवसांत जास्त जपा. टँकरचं पाणी असेल तर त्यात पावडर किती टाकली कुणालाच माहीत नसतं, थेंबं टाकल्याशिवाय वापरूच नका. नवीन पाणी अन् जुनं पाणी दोन्हींत बोट बुडवून बघा, गार-गरम सारखं लागलं पाहिजे, थर्मामीटर असेल तर उत्तमच. मग मासा एकदम उचलून टाकू नका, त्याला जुन्या पाण्यासकट भांड्यात घेऊन त्यात नवीन पाणी थोडं थोडं अर्धा-पाऊण तास घालत राहा. बरणी घासूनपुसून सगळं पाणी एका झटक्यात बदललं अन् दुसऱ्या दिवशी मासा गेला, असं जे होतं ना ते या घाईनंच होतं. आरओचं पाणी नुसतं वापरू नका, त्यात क्षार जवळपास नसतात, बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं करून चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, ते बोअरपेक्षा जड असतं.

या दिवसांत औषध थांबवा. कड नुसती झिजलेली असेल तर स्वच्छ पाण्यात पंख आपोआप परत येतात, नवीन पापुद्रा आधी पारदर्शक दिसतो, त्याला बुरशी समजून परत औषध टाकू नका. हवं तर बदामाचं पान टाका. आपल्याकडं शाळेच्या, कचेरीच्या आवारात जे मोठ्या पानांचं बदामाचं झाड असतं, तेच. आपोआप गळालेलं, वाळलेलं तपकिरी पान घ्या, धुवा, 20 लिटरला एक पुरे. पाणी चहासारखं दिसेल, घाबरू नका, माशाला ते मानवतं अन् जिवाणू-बुरशी थोडी आटोक्यात राहते. फवारणीच्या शेताजवळचं पान मात्र नको.

टँक आला की लोक सगळ्यात मोठी घाई इथं करतात. पाणी भरलं, मासा सोडला, झालं. नवीन टँकमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू नसतात, ते स्पंजमध्ये अन् वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, तेही विषारीच, मग दुसरी जात त्याचं नायट्रेट करते, ते बरंच निरुपद्रवी. मासा आत असतानाच हे करायचं असेल तर या काळात दर दोन दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी बदला आणि खाऊ हात राखून टाका. म्हणजे सुरुवातीला पाणी थोडं जास्त लागतं, हे लपवून ठेवत नाही. ओळखीत कुणाचा जुना चालू टँक असेल अन् त्यात आजारी मासा नसेल तर त्यांच्या फिल्टरमधला थोडा स्पंज मागून आणा, काम लई लवकर होतं. अन् पुढं कधीही स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा, नाहीतर क्लोरीननं सगळे जिवाणू मरतात अन् तुम्ही परत पहिल्या दिवसावर.

फिल्टर साधा स्पंजचाच घ्या, हवेच्या पंपावर चालणारा, अन् व्हॉल्व्हनं हवा कमी करा, फायटरला प्रवाह सोसत नाही. लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही, हवा तो वरून घेतोच, तासा-दोन तासांच्या लोडशेडिंगनं काही बिघडत नाही. एक मनी प्लांटची फांदी मुळं पाण्यात अन् पानं बाहेर अशी लावून ठेवा, नायट्रेट ओढून घेते. तळ्यातून जलपर्णी वगैरे उचलून आणू नका, सोबत काय काय येईल सांगता येत नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो कारण आपल्याकडं खरी परीक्षा तीच. फायटरला 24 ते 28 अंश पाणी मानवतं. बाहेर 42-43 असताना बरणीतलं पाणी दुपारी खोलीइतकंच तापतं अन् पहाटे खाली येतं, रोज एवढी उलटापालट. 20 लिटर पाणी हळू तापतं अन् हळू निवतं, मोठ्या टँकचा हा फायदा लोक विसरतात. टँक पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीत, फ्रीजवर ठेवू नका, पत्र्याचं घर असेल तर शक्य तितका खाली ठेवा. दुपारी झाकण काढून वर जाळी टाका अन् छोटा टेबल फॅन पाण्यावरून वारा जाईल असा लावा, आपली हवा कोरडी असल्यानं दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी उडून कमी होतं ते भरत राहा. बर्फ सरळ टाकू नका. हिवाळ्यात उलटं, परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा मासा सुन्न पडतो, खात नाही अन् लोकांना वाटतं आजारी आहे. 20 लिटरला 25 वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर पुरतो. बरणीत हीटर लावायचा विचारही करू नका, इतकं कमी पाणी काही वेळात उकडून निघतं.

जागा वाढवली म्हणून दुसरा नर आणून सोडायचा नाही, हे सांगावंच लागतं. 20 लिटर काय अन् 50 काय, दोन नर एकत्र आले की भांडतातच, एक तरी जायबंदी होतो. लांब शेपटीचे गप्पी ठेवले तर त्यांच्यावरही धावून जातो. 20 लिटर एका फायटरचे, सोबतीला फार तर गोगलगाय. खाऊ दिवसातून दोनदा, दोन-तीन दाणे, त्याचं पोट अगदी इवलंसं असतं. पाण्याच्या ड्रममध्ये डासांच्या अळ्या झाल्या असतील तर त्या गाळून, धुऊन घाला, जिवापाड आवडीनं खातो, फक्त ड्रममध्ये अळ्यानाशक औषध टाकलेलं नाही याची खात्री करा अन् गटारातल्या आणू नका.

लातूरला क्लासेससाठी खोली करून राहणाऱ्या पोरापोरींच्या टेबलावर हल्ली फायटर बऱ्याच ठिकाणी दिसतो, अभ्यासाच्या एकटेपणात त्याचा आधार वाटतो, मला त्यांचं मन कळतं. त्यांना एवढंच सांगतो, टेबलाच्या एका बाजूला 40 बाय 25 सेंटीमीटर जागा निघत असेल तर ठेवा, पण टेबल भक्कम पाहिजे, पाणीच 20 किलो, वर काच-दगड वेगळे. दिवाळीला गावी जाताना बरणी पिशवीत घालून एसटीतून हिंदकळत नेऊ नका. चांगले जिवाणू बसलेल्या 20 लिटरच्या टँकमध्ये धडधाकट मोठा मासा आठवडाभर खाऊशिवाय आरामात राहतो. निघायच्या आदल्या दिवशी पाव हिस्सा पाणी बदला, फिल्टर चालू ठेवा, पडदा ओढून घ्या अन् खोलीमालकाला किंवा शेजाऱ्याला खाऊचा डबा देऊन जाऊ नका, प्रेमानं मूठभर टाकतात अन् तुम्ही येईपर्यंत पाणी नासलेलं असतं.